शेजारचे ओसाड घर पडायला आले, तर काय करावे?

मलकापूरसारख्या जुन्या शहरात कुलूप लावलेले एखादे पडके घर गल्लीत दिसतेच. वारस पुण्या-मुंबईला, वाटणी रखडलेली. धाब्याच्या घरात माणसे राहत असली, की पावसाळ्याआधी छतावर नवी माती पडते. राबता थांबला की पाणी मुरते, लाकडे कुजतात, भिंत फुगते. ती कोसळते तेव्हा मालक दूर असतो आणि खाली शेजाऱ्यांची मुले खेळत असतात.

भिंत स्वतः पाडू नका; दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो.

नगर परिषद : महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ नुसार धोकादायक बांधकामाबद्दल मालकाला नोटीस देता येते. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

मालकाचा शोध : नगर भूमापन झालेल्या भागात भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. त्यात नोंदलेल्या धारकांची नावे मिळतात.

उपविभागीय दंडाधिकारी : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, पडून इजा होण्याचा संभव असलेली इमारत पाडण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा तिला आधार देण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती.

धोक्याच्या नोटिशीने मालकी ठरत नाही. म्हणून वाटणीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. अर्ज पावसाळ्याआधीच द्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांनिशी.