उजव्या पायात ब्रेक की गिअर?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांवर एकेकाळी गिअरच्या नाना तऱ्हा होत्या. 1955 पासून मद्रासला बनणाऱ्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. येझदीत किकची दांडी तीच गिअरची. चेतकचा गिअर तर डाव्या मुठीत! 1985 साली हिरो होंडा सीडी 100 आली आणि डाव्या पायाच्या गिअरची सवय घरोघरी गेली. दांडीला मागे टाचेचं टोक, म्हणजे चपलेतही गिअर सहज पडायचा.

अमेरिकेने 1970च्या दशकातच कायद्याने गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे असं ठरवून टाकलं. आपल्याकडे उजव्या गिअरच्या बुलेट त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत राहिल्या.

आता त्या सेकंडहँड बुलेट तरुण पोरं हौसेनं घेतात. लायसन्स मात्र 'गिअरसहित' एवढंच सांगतं. गिअर कुठल्या पायात, ते नाही. कल्याण-शीळ रोडवर समोर अचानक रिक्षा थांबली, की पाय सवयीनं उजवीकडे दाबणार. तिथे ब्रेक नाही, गिअर आहे, आणि जुन्या बुलेटचा गिअर खाली दाबला की वरचा पडतो!

म्हणून मित्रांनो, गाडी घ्या, पण आधी मोकळ्या मैदानात आठवडाभर पायाला नवी सवय लावा. रस्ता शिकायची जागा नव्हे.