बार्ट जियामाटी : इंग्रजीचे प्राध्यापक थेट बेसबॉलचे कमिशनर कसे झाले?

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये शेवटचा शब्द असतो तो कमिशनरचा. १९८९ मध्ये या पदावर आलेले बार्ट जियामाटी खेळाडू नव्हते, उद्योगपतीही नव्हते. ते होते इंग्रजीचे प्राध्यापक. अवघ्या पाच महिन्यांच्या कारकिर्दीत त्यांनी घेतलेल्या एका निर्णयावर आजही वाद होतात.

वर्ग आणि मैदान

जियामाटी यांचा जन्म १९३८ चा, बोस्टनचा. वडील कॉलेजात इटालियन भाषा आणि साहित्य शिकवायचे. त्यामुळे पुस्तकं घरातच होती. बोस्टन रेड सॉक्स या संघाचं वेडही लहानपणीच लागलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

येल विद्यापीठातून १९६४ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. पुढे तिथेच ते इंग्रजी आणि तौलनिक साहित्य शिकवू लागले. सोळाव्या शतकातला कवी एडमंड स्पेन्सर आणि जुन्या महाकाव्यांमधली नंदनवनं हे त्यांचे अभ्यासाचे विषय.

१९७८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते येलचे अध्यक्ष झाले. या पदासाठी त्यांचं नाव चर्चेत आलं तेव्हा ते गमतीने म्हणाले होते, की आपल्याला अध्यक्ष व्हायचंय ते फक्त अमेरिकन लीगचं. कारण रेड सॉक्स याच लीगमध्ये खेळतात. १९८६ मध्ये ते खरोखरच लीगचे अध्यक्ष झाले, पण दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगचे!

फसवणुकीला माफी नाही

१९८७ मध्ये केविन ग्रॉस या पिचरच्या ग्लोव्हवर सँडपेपर सापडला. क्रिकेटमधल्या बॉल टॅम्परिंगसारखाच हा प्रकार. ग्रॉसवर दहा दिवसांची बंदी आली. त्याचं अपील फेटाळताना जियामाटी यांनी सविस्तर लेखी निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं : रागाच्या भरात झालेली मारामारी वेगळी आणि थंड डोक्याने केलेली फसवणूक वेगळी. फसवणूक खेळाच्या मुळावरच उठते.

पीट रोझ प्रकरण

१ एप्रिल १९८९ रोजी ते कमिशनर झाले. तेव्हा समोर होतं पीट रोझ यांचं प्रकरण. सर्वाधिक ४,२५६ हिट्सचा विक्रम रोझ यांच्या नावावर आहे. सिनसिनाटी रेड्सचे मॅनेजर असताना बेसबॉलवर पैसे लावल्याचा आरोप त्यांच्यावर होता. चौकशीनंतर २४ ऑगस्टला रोझ यांनी कायमची बंदी मान्य केली. आरोप मात्र त्यांनी नाकारला.

त्यानंतर आठच दिवसांनी, १ सप्टेंबरला, हृदयविकाराच्या झटक्याने जियामाटी यांचं निधन झालं. वय होतं ५१.

पुढे काय झालं?

आपण बेसबॉलवर पैसे लावल्याचं रोझ यांनी २००४ मध्ये कबूल केलं. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. मे २०२५ मध्ये तेव्हाच्या कमिशनरनी निधन झालेल्या खेळाडूंवरची कायमची बंदी संपते असा निर्णय दिला आणि रोझ यांचं नाव त्या यादीतून निघालं.

जियामाटी यांच्या निधनानंतर त्यांचं खेळांवरचं छोटेखानी पुस्तक आलं. बेसबॉलमध्ये बॅटर ‘होम’पासून निघतो, तीन बेस ओलांडतो आणि पुन्हा ‘होम’ला पोहोचला तरच रन मिळते. घर सोडून निघालेल्याची परतीची धडपड ही महाकाव्यांचीही गोष्ट असते. म्हणूनच या प्राध्यापकाला वर्ग आणि मैदान कधी वेगळे वाटलेच नाहीत.

‘द होल्डओव्हर्स’ सिनेमात चिडखोर शिक्षक साकारणारे अभिनेते पॉल जियामाटी हे त्यांचेच चिरंजीव.