खंभातचा अकीक आणि दगड फोडण्याची विद्या

गुजरातमधील खंभातच्या अकीक व्यवसायाचा इतिहास बहुधा मण्यांच्या रंगांवरून आणि ते ज्या देशांत पोहोचले त्या देशांच्या नावांवरून सांगितला जातो. परंतु या व्यवसायाचा खरा नफातोटा ठरत असे तो झिलईच्या कितीतरी आधी, ओबडधोबड गोटा आतून न तडकवता फोडण्याच्या कामात. अकीक हा सिलिकेच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा बनलेला दगड दख्खनच्या बेसाल्टमधील वायूच्या पोकळ्यांत साचत गेला आणि बेसाल्ट झिजल्यावर नद्यांनी तो वाहून नेऊन गोट्यांच्या रूपाने गाळात पसरला. खंभातचा बराचसा कच्चा माल भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून येई, आणि तेथील टेकडीवरचा सिद्दी संत बावा गोर यांचा दर्गा या व्यवसायाचे श्रद्धास्थान मानला जातो. महाराष्ट्राचाही या व्यापाराशी जुना संबंध आहे, कारण पैठणहून ऑनिक्स, म्हणजे पट्टेदार अकीक, गाड्यांतून भरूच बंदराकडे जात असे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात आहे.

अकीकाला पाटन नसते, म्हणजे ज्यांवरून तो सरळ दुभंगेल असे ठरलेले पृष्ठभाग त्यात नसतात. त्याचे भंजन शंखाभ असते, म्हणजे काचेप्रमाणे तो वक्र, लाटांसारख्या पृष्ठभागांत फुटतो. अशा दगडावर जड हातोडा घातला, तर तो फुटतो खरा, पण उरलेल्या तुकड्यांत बारीक भेगा राहतात, त्या पुढे झिलईच्या वेळी उघडतात, आणि शिवाय धारदार ढलप्या डोळ्यांकडे व हातांकडे उडतात. पूर्ण गोल गोटा तर विशेष अवघड, कारण ढलपी सुटण्यासाठी काटकोनापेक्षा कमी कोनाची कड लागते आणि गोल गोट्याला ती मुळातच नसते.

खंभातच्या कारागिरांनी यावर दोन उपाय योजले होते, आणि पहिला उपाय अग्नीचा होता. गोटे प्रथम उन्हात दीर्घकाळ वाळवीत, कारण छिद्रांत अडकलेले पाणी एकदम तापले तर दगड फुटून जाई. नंतर ते मडक्यांत घालून शेणाच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या मंद आचेवर तापवीत आणि सावकाश निवू देत. या तापवण्याने दगड ढलपी काढण्यास अधिक वश होतो आणि त्यातील लोहाच्या तपकिरी संयुगांचे लाल ऑक्साइड झाल्याने त्याला कार्नेलियनचा, म्हणजे तांबड्या अकीकाचा, रंग चढतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजानेही लिमोदरा या गावच्या दगडाचा रंग अग्नीने गडद करतात, हे टिपले आहे.

दुसरा उपाय अधिक बुद्धीचा होता. कारागीर जमिनीत टोकदार लोखंडी सळई तिरकी रोवून बसे, दगडाची कड तिच्या टोकाला टेकवी आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूवर, लवचीक काडीला बसवलेल्या म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका देई. ढलपी सुटे ती हातोडीखालून नव्हे, तर सळईच्या टोकाशी, जेथे आघाताची जागा आधीच ठरवलेली असे. मऊ शिंग आणि लवणारी काडी यांमुळे जोर मर्यादेत राहतो. बळापेक्षा नेम श्रेष्ठ ठरणारी ही पद्धत केनोयर, विदाले आणि भान यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी तपशीलवार अभ्यासली. लोथल आणि चन्हुदडो येथील हडप्पाकालीन मण्यांच्या कार्यशाळांत सापडलेल्या अर्धवट मण्यांचा अर्थ त्यांना या अभ्यासातून लावता आला; मात्र तेथपासून खंभातपर्यंत परंपरा अखंड होती असे म्हणणे हे अतिधाडस ठरेल.

घडवलेले मणी पुढे चामड्याच्या पिशवीत कुरुंदाची पूड, अकीकाचा चुरा आणि पाणी यांसह भरत, आणि समोरासमोर बसलेली दोन माणसे ती पिशवी कित्येक दिवस पुढे-मागे ओढत राहत. विजेवर फिरणाऱ्या पिंपांनी विसाव्या शतकात हे श्रम हलके केले, आणि घासण्यासाठी मोटरीवरील कुरुंदाची चाके आली. यातले दुसरे यंत्र घातक ठरले, कारण कोरड्या घासण्यातून उडणारी सिलिकेची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा आजार होतो, आणि खंभातच्या कामगारांत त्याचे प्रमाण मोठे असल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या तपासण्यांत दिसून आले. ढलपीपासून हात वाचवण्याची विद्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या जपली, पण धुळीपासून श्वास वाचवण्याची तजवीज घरोघरच्या कारखान्यांत उशिरा आणि अपुरी झाली. सिलिकोसिस बरा करणारे औषध अद्याप नाही. चाकावर पाणी सोडणे आणि धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवणे एवढाच मार्ग उरतो.