एक घोडा, तीन चेहरे

१/
सतराव्या शतकाच्या मध्यास पियर लोंबार हा फ्रेंच कोरीवकार लंडनमध्ये काम करीत होता. १६५५ च्या सुमारास त्याने तांब्याच्या पत्र्यावर एक घोडेस्वार कोरला. त्याच पत्र्यावरून निघालेल्या निरनिराळ्या छापांत हा स्वार कधी ऑलिव्हर क्रॉमवेल आहे, कधी फ्रान्सचा चौदावा लुई, तर कधी इंग्लंडचा पहिला चार्ल्स. एका छापात तर धडावर डोकेच नाही!

२/
या रचनेचा मूळ आधार म्हणजे अँटनी व्हॅन डाइकने १६३३ मध्ये रंगविलेले पहिल्या चार्ल्सचे भव्य चित्र. सुमारे १२ फूट उंचीच्या त्या चित्रात राजा शुभ्र घोड्यावरून विजयकमानीखालून येतो. शेजारी त्याचा अश्वविद्येचा शिक्षक शिरस्त्राण घेऊन उभा आहे.

३/
यातली प्रत्येक वस्तू बोलते. रोममधील मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यापासून अश्वारूढ प्रतिमा हे सम्राटपदाचे लक्षण मानले गेले. उमद्या घोड्याला सहज आवरणारा हात प्रजेलाही आवरू शकतो, हा त्यातला संकेत. हातातला दंड सेनापतित्वाचा. चार्ल्स प्रत्यक्षात ठेंगणा होता. पण खालून वर पाहणाऱ्याला ते जाणवत नाही.

४/
मात्र असे चित्र राजवाड्यात, मोजक्या डोळ्यांसमोर राहते. कोरीव छापचित्र दुकानात विकले जाते, पुस्तकात बांधले जाते, सीमा ओलांडते. म्हणूनच बरोक काळातील राजे, मंत्री, सेनानी आणि विद्वान आपली प्रतिमा तांब्यावर उतरावी यासाठी उत्सुक असत. चेहऱ्याभोवतीची चौकट, कुलचिन्ह आणि खालचा बिरुदांचा मजकूर मिळून त्या माणसाची पायरी ठरवीत.

५/
३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्याच्या मृत्युदंडाच्या आज्ञेवर क्रॉमवेलचीही सही होती. राजपद रद्द झाले. १६५३ च्या अखेरीस क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. आता प्रश्न असा की, राजा नसलेल्या सत्ताधीशाचे चित्र काढायचे कसे?

६/
नवी दृश्यभाषा हाताशी नव्हती, तेव्हा जुनीच उसनी घेतली गेली. रॉबर्ट वॉकरने रंगविलेल्या क्रॉमवेलच्या चित्रांतही व्हॅन डाइकच्याच ठेवणी दिसतात. खुद्द क्रॉमवेलने १६५७ मध्ये मुकुट नाकारला; पण त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पदग्रहणसमारंभात जांभळा झगा होता, राजदंड होता आणि राज्याभिषेकाचे जुने सिंहासनही होते.

७/
डोके बदलण्याची सोय तंत्रातच होती. तांबे मऊ असते. नको असलेल्या रेषा खरवडून काढायच्या, पत्रा मागून ठोकून समतल करायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि कोरणीने नव्या रेषा ओढायच्या. घोडा, चिलखत, पार्श्वभूमी यांच्या हजारो बारीक रेषांची मेहनत वाया न घालवता तोच पत्रा पुन्हा विकाऊ करता येई.

८/
पण हा व्यवहार जमला, कारण पाहणाऱ्याला तो खटकणार नाही हे गृहीत होते. घोडा, दंड आणि चिलखत यांनी ‘सत्ताधीश’ आधीच सिद्ध केलेला असे. चेहऱ्याने फक्त त्याचे नाव सांगायचे. राजाला ईश्वराने निवडले असे मानणारे आणि त्याच राजाला वधस्तंभावर नेणारे, दोघेही एकाच धडावर बसू शकले.

९/
तरीही एक गोष्ट कोरीवकाराच्या हाती नव्हती. पत्रा खरवडता येतो. विकला गेलेला कागद परत आणता येत नाही. जुन्या छापांच्या प्रती संग्राहकांकडे टिकल्या, म्हणूनच आज हे तिन्ही चेहरे शेजारी ठेवून पाहता येतात. प्रत्येक छाप एकटा पाहिला तर त्यात एक थोर पुरुष दिसतो. तिन्ही एकत्र पाहिले की ते थोरपण कशाचे बनले होते, ते दिसते.