भाषांतर तयार होतं, तरी गेम आला नाही

जुने जपानी गेम अमेरिकेत इतक्या उशिरा का आले? तुम्ही पटकन म्हणाल, 'भाषांतर नव्हतं म्हणून.' पण हे गृहीतक आधी तपासून बघूया.

निन्टेन्डोचा 'मदर' जपानमध्ये १९८९ साली आला. त्याचं इंग्रजी रूपांतर १९९० च्या सुमारास तयारही झालं होतं. तरी तो अमेरिकेत विक्रीला आला थेट २०१५ मध्ये, वी यू कन्सोलवर डाउनलोड म्हणून. म्हणजे भाषांतराचं कारण इथे टिकत नाही.

मग 'मागणीच नव्हती' म्हणायचं का? 'सेइकेन देन्सेत्सु ३' बघा. जपानमध्ये तो १९९५ चा. २००० साली चाहत्यांनी स्वतःच त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. कंपनीची इंग्रजी आवृत्ती मात्र २०१९ ची!

राहतो तो वेळेचा आणि खर्चाचा हिशोब. १९९१ मध्ये अमेरिकेत सुपर निन्टेन्डो आला. मावळत्या कन्सोलसाठी नव्या कार्ट्रिज बनवणं म्हणजे जोखीमच. डाउनलोडला कार्ट्रिज लागतच नाही.

तुमच्या विषयातही असंच करा. कारण हजर आहे, पण परिणाम नाही, असं एक तरी उदाहरण शोधा. गृहीतकाची खरी परीक्षा तिथेच होते.