टायगरमिल्क

टायगरमिल्क हा स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील बेल अँड सेबॅस्टियन या इंडी पॉप वाद्यवृंदाचा पहिला अल्बम होय. तो ६ जून १९९६ रोजी इलेक्ट्रिक हनी या संस्थेने प्रकाशित केला. ही संस्था म्हणजे ग्लासगोच्या स्टो कॉलेजमधील संगीत व्यवसाय अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक म्हणून चालवलेली प्रकाशनशाखा होती. अल्बमच्या केवळ १,००० विनाइल तबकड्या काढण्यात आल्या. त्या संपल्यानंतर तीन वर्षे हा अल्बम बाजारात उपलब्ध नव्हता. जुलै १९९९ मध्ये त्याचे पुनर्प्रकाशन झाले. अल्बममध्ये दहा गीते असून त्यांचा एकूण कालावधी सुमारे ४१ मिनिटे आहे.

पार्श्वभूमी

अल्बमचे गीतकार आणि मुख्य गायक स्टुअर्ट मर्डॉक यांचा जन्म १९६८ मध्ये स्कॉटलंडमधील एअर येथे झाला. विद्यापीठात शिकत असताना त्यांना दीर्घकालीन थकव्याच्या विकाराने ग्रासले. हा विकार मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस या नावानेही ओळखला जातो. यात रुग्णाची शारीरिक शक्ती इतकी क्षीण होते की, थोडेसे चालणे अथवा वाचणेही त्याला असह्य होते. मर्डॉक यांची सुमारे सात वर्षे या आजारात गेली. शिक्षण थांबले, नोकरी करणे अशक्य झाले, समवयस्क पुढे निघून गेले. या सक्तीच्या एकांतवासात ते पियानोपाशी बसून गीते रचू लागले. टायगरमिल्कमधील पात्रे घरात, बसमध्ये किंवा शाळेच्या आवारात एकटी बसून इतरांचे आयुष्य न्याहाळताना दिसतात, त्याचे मूळ या वर्षांत आहे.

प्रकृती काहीशी सुधारल्यावर मर्डॉक यांनी ग्लासगोमधील बीटबॉक्स या, बेरोजगार संगीतकारांसाठी चालणाऱ्या सरकारी प्रशिक्षण वर्गात नाव घातले. तेथे त्यांची भेट बासवादक स्टुअर्ट डेव्हिड यांच्याशी झाली. दोघांनी मिळून काही गीतांची प्राथमिक ध्वनिमुद्रणे केली. त्याच सुमारास डेव्हिड यांच्यासोबत राहणारे ड्रमवादक रिचर्ड कोलबर्न स्टो कॉलेजमध्ये संगीत व्यवसायाचे शिक्षण घेत होते. द असोसिएट्स या वाद्यवृंदाचे माजी सदस्य ॲलन रँकिन त्या अभ्यासक्रमात अध्यापन करीत. विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका नवोदित कलावंताची तबकडी निवडून तिची निर्मिती, प्रसिद्धी व विक्री स्वतः करावी, अशी तेथील पद्धत होती. एरवी एकच गीत प्रकाशित होत असे; परंतु मर्डॉक यांच्याकडे गीतांचा साठा मोठा होता आणि नमुना मुद्रणांनी कॉलेजातील मंडळी प्रभावित झाली होती. त्यामुळे पूर्ण अल्बम काढण्याचे ठरले.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अल्बमची संधी समोर आली तेव्हा वाद्यवृंद पुरता अस्तित्वातही आला नव्हता. गिटारवादक स्टीव्ही जॅक्सन, कळफलकवादक क्रिस गेडिस आणि चेलोवादक व गायिका इझोबेल कॅम्पबेल हे सदस्य १९९६ च्या आरंभीच्या काही आठवड्यांत एकत्र आले. बेल अँड सेबॅस्टियन हे नाव सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या, एक मुलगा व त्याचा कुत्रा यांच्या कथेवरून घेतलेले आहे. मर्डॉक यांनी मात्र त्या नावांची स्वतःची कथा रचली. तीत सेबॅस्टियन हा उदास तरुण गीतकार असून बेल ही त्याच्याकडून संगीत शिकू पाहणारी मुलगी आहे. ग्लासगोमधील हिलहेड भुयारी रेल्वे स्थानकाबाहेर दोघांची गाठ पडते. ही छोटी कथा अल्बमच्या वेष्टनावर छापलेली आहे.

ध्वनिमुद्रण

अल्बमचे ध्वनिमुद्रण ग्लासगोमधील का-व्हा स्टुडिओत अवघ्या तीन दिवसांत झाले. वेळ आणि पैसा दोन्ही मर्यादित असल्याने, तसेच मर्डॉक यांचा तसा आग्रह असल्याने, वादकांनी बरेचसे वादन एकत्र बसून, सलग केले. क्वचित ताल किंचित ढळतो, कोठे आवाज पुरेसा उंचावत नाही. मात्र नुकत्याच एकमेकांना ओळखू लागलेल्या वादकांचा संकोच आणि उत्साह त्यात जसाच्या तसा टिपला गेला आहे. पुढील अल्बममधील सफाई येथे नाही आणि अनेक श्रोत्यांना तीच या अल्बमची जमेची बाजू वाटते. काही गीतांतील ट्रम्पेट मिक कुक यांनी वाजवला आहे. तेव्हा ते पाहुणे वादक होते, पुढे वाद्यवृंदाचे सदस्य झाले.

गीते व आशय

संगीताच्या दृष्टीने अल्बमची जातकुळी १९६० च्या दशकातील मृदू लोकसंगीताधिष्ठित पॉप आणि १९८० च्या दशकातील ब्रिटिश इंडी या दोहोंशी जुळते. निक ड्रेक, द स्मिथ्स आणि मर्डॉक यांचा विशेष आवडता वाद्यवृंद फेल्ट यांच्याशी त्याची तुलना नेहमी केली जाते. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ओअॅसिस, ब्लर आदींच्या ब्रिटपॉपचा गजर सुरू होता. त्या कोलाहलात कुजबुजल्यासारखे गाणारा हा अल्बम सर्वस्वी निराळा ठरला.

‘द स्टेट आय ॲम इन’ हे पहिले गीत पुढील सर्व गीतांची किल्ली आहे. ते जवळजवळ एकट्या आवाजात सुरू होते. निवेदक आपल्या कुटुंबाची हकिगत सांगू लागतो: बहिणीच्या लग्नाच्या दिवशीच भाऊ आपण समलिंगी असल्याचे सांगतो; देशाबाहेर पाठवली जाण्याची भीती असलेल्या एका मुलीशी निवेदक केवळ तिच्या सोयीसाठी विवाह करतो; पुढे तो धर्मगुरूपाशी कबुलीजबाब देतो, तर तो धर्मगुरू त्याच कबुलीची कादंबरी करून टाकतो. प्रसंग विनोदी आहेत, पण सांगणाऱ्याच्या आवाजात हसू नाही. श्रद्धा, अपराधभाव आणि थट्टा यांचे हे मिश्रण मर्डॉक यांच्या लेखनाचा स्थायीभाव होय. ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असून त्या काळात एका चर्चच्या सभागृहाची देखभाल करीत तेथेच राहत असत, हे ध्यानात घेतल्यास या थट्टेला उपहास म्हणता येत नाही.

‘एक्स्पेक्टेशन्स’ या गीताची नायिका शाळेत कोणाच्याच खिजगणतीत नसलेली मुलगी आहे. द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या वाद्यवृंदाच्या सदस्यांचे पूर्णाकृती पुतळे मातीतून घडवणे हा तिचा उद्योग. शिक्षकांना त्याचे कौतुक नाही, वर्गमैत्रिणींना तर नाहीच. ‘शीज लूझिंग इट’ हे सर्वांत छोटे गीत चालीने उल्हसित आहे, परंतु त्यातील मुलींनी सोसलेला छळ शब्दांकडे लक्ष दिल्याशिवाय जाणवत नाही. गोड चालीखाली कठोर आशय दडवण्याची ही रीत अल्बमभर आढळते. घाईने ऐकणारा श्रोता ‘नाजूक, गोंडस संगीत’ असा शिक्का मारून मोकळा होतो, आणि तसा शिक्का या वाद्यवृंदावर अनेकदा मारला गेला आहे.

‘यू आर जस्ट अ बेबी’ हे साधे, गिटारप्रधान गीत आहे. त्यानंतरचे ‘इलेक्ट्रॉनिक रेनेसान्स’ मात्र अचानक सिंथेसायझरच्या यांत्रिक तालावर चालते आणि मर्डॉक यांचा आवाजही दूरध्वनीवरून आल्यासारखा दबलेला ऐकू येतो. हे गीत इतरांत मिसळत नाही, अशी तक्रार काही श्रोते करतात व ती अगदीच निराधार नाही.

‘आय कुड बी ड्रीमिंग’च्या अखेरीस इझोबेल कॅम्पबेल वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांच्या ‘रिप व्हॅन विंकल’ या कथेतील उतारा वाचतात. वीस वर्षे झोपून राहिलेला आणि जागा झाल्यावर बदललेल्या जगात परका ठरलेला हा कथानायक भेटतो, तेव्हा गीतकाराची आजारपणातील वर्षे आठवल्यावाचून राहत नाहीत. ‘वी रूल द स्कूल’ हे पियानो व तंतुवाद्यांवर बेतलेले संथ गीत झाडाच्या बुंध्यावर कोरलेल्या प्रेमाच्या खुणेपासून सुरू होते. ‘माय वॉन्डरिंग डेज आर ओव्हर’मध्ये एकट्याने केलेल्या संगीतप्रवासाचा शेवट आणि बेल व सेबॅस्टियन यांच्या कथेचा प्रारंभ सांगितला आहे, म्हणजे वाद्यवृंदाचा जन्मच त्यात नोंदलेला आहे. ‘आय डोन्ट लव्ह एनीवन’ हे तुसडेपणाचा आव आणणारे गीत असून त्यातील नकार ऐकणाऱ्याला फारसा खरा वाटत नाही. शेवटच्या ‘मेरी जो’ गीतातील एकाकी स्त्री एक पुस्तक वाचत बसलेली आहे. पहिल्या गीतातील धर्मगुरूच्या कादंबरीचे नाव ज्यांच्या लक्षात राहिले असेल, त्यांना ते पुस्तक कोणते हे लगेच कळते.

मुखपृष्ठ

मुखपृष्ठावर एक तरुणी खेळण्यातील वाघाला स्तनपान देत असल्याचे एकरंगी छायाचित्र आहे. ते मर्डॉक यांनी स्वतः काढले आणि त्यातील तरुणी त्यांची मैत्रीण होती. एकाच रंगछटेतील छायाचित्र आणि वर अगदी मोजका मजकूर ही मांडणी पुढे या वाद्यवृंदाच्या जवळजवळ प्रत्येक अल्बमची ओळख बनली. तिचे पूर्वसूरी द स्मिथ्सच्या मुखपृष्ठांत सापडतात.

दुर्मीळता व पुनर्प्रकाशन

अल्बम निघाल्यानंतर बीबीसी रेडिओ १ वरील मार्क रॅडक्लिफ यांच्या कार्यक्रमासाठी जुलै १९९६ मध्ये वाद्यवृंदाने गीते ध्वनिमुद्रित केली. दरम्यान जीपस्टर या लंडनमधील नव्या कंपनीशी त्यांचा करार झाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ हा दुसरा अल्बम आला. बहुसंख्य श्रोत्यांनी हाच अल्बम आधी ऐकला. त्यामुळे पहिल्या अल्बमविषयी कुतूहल वाढत गेले. चाहते त्याच्या कॅसेट-प्रती करून एकमेकांना टपालाने पाठवू लागले आणि मूळ तबकडीची किंमत शेकडो पौंडांवर गेली. मुलाखती व छायाचित्रे टाळण्याच्या वाद्यवृंदाच्या सवयीमुळे या गूढतेत भरच पडली.

फेब्रुवारी १९९९ मध्ये बेल अँड सेबॅस्टियनला जनमताच्या आधारे सर्वोत्कृष्ट नवोदितांचा ब्रिट पुरस्कार मिळाला. तोवर त्यांचे तीन अल्बम आले होते, त्यामुळे ‘नवोदित’ हे विशेषण काहीसे उशिरा लाभले असेच म्हणावे लागते. त्याच वर्षी जीपस्टरने ब्रिटनमध्ये आणि मॅटाडोरने अमेरिकेत टायगरमिल्क पुन्हा प्रकाशित केला.

उत्तरकाल

‘एक्स्पेक्टेशन्स’ हे गीत २००७ मधील ‘जुनो’ या अमेरिकन चित्रपटात वापरले गेले आणि त्याद्वारे एका नव्या पिढीपर्यंत पोहोचले. स्टुअर्ट डेव्हिड २००० मध्ये, तर इझोबेल कॅम्पबेल २००२ मध्ये वाद्यवृंदातून बाहेर पडल्या-पडले. डेव्हिड यांनी वाद्यवृंदाच्या पहिल्या वर्षाची आठवण ‘इन द ऑल-नाइट कॅफे’ (२०१५) या पुस्तकात लिहिली आहे. मर्डॉक यांनी आपल्या आजारपणाच्या काळावर आधारित ‘नोबडीज एम्पायर’ ही कादंबरी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.

इलेक्ट्रिक हनीने पुढे स्नो पॅट्रोल आणि बिफी क्लायरो या वाद्यवृंदांच्याही आरंभीच्या तबकड्या काढल्या. स्टो कॉलेज २०१३ मध्ये अन्य दोन महाविद्यालयांसह ग्लासगो केल्विन कॉलेजमध्ये विलीन झाले. ॲलन रँकिन यांचे जानेवारी २०२३ मध्ये निधन झाले.