शोभिवंत माशांचे पार्सल: नागपुरातून कोणत्या वाहतूक सेवेने पाठवावे?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेमुळे विदर्भात शोभिवंत मत्स्यपालनाकडे वळणारे शेतकरी आणि महिला बचत गट वाढू लागले आहेत. या योजनेत परसातील युनिटसाठी ३ लाख, मध्यम युनिटसाठी ८ लाख आणि एकात्मिक युनिटसाठी २५ लाख रुपये प्रकल्प खर्च धरलेला आहे. सर्वसाधारण गटाला त्यावर ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अनुदान मिळते. टाक्या बांधणे, गप्पी-मॉलीची पैदास करणे, गोल्डफिश वाढवणे हे शिकता येते. अडचण येते ती मासे विकायला बाहेरगावी पाठवताना.

नागपूरच्या मत्स्यालय दुकानांत बराच माल कोलकाता आणि चेन्नईजवळच्या कोलाथूर भागातून येतो. तिथले उत्पादक मोठे, त्यांचे दर कमी. दरात त्यांच्याशी स्पर्धा करणे तुम्हाला परवडणार नाही. तुमच्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जवळीक. हावड्याहून नागपूर रेल्वेने सुमारे ११३० किलोमीटर. तुमच्याकडून अमरावती आणि चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, जबलपूर आणि रायपूर तीनशेच्या आत, हैदराबाद पाचशे. तुमचा मासा कमी तास पिशवीत राहतो, म्हणून दुकानात गेल्यावर तो जास्त दिवस टिकतो, आणि दुकानदार त्यासाठी दोन रुपये जास्त द्यायला तयार असतो. चुकीची सेवा निवडली की हा फायदा पहिल्याच पार्सलात संपतो.

पिशवीत नेमके काय घडते?

सेवा निवडण्याआधी हे समजून घ्यावे, कारण सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

मासे गुदमरून मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. ऑक्सिजन भरून नीट बांधलेल्या पिशवीत तसे सहसा होत नाही. ३ लिटर पाण्यात जेमतेम २४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. त्याच पिशवीत वर ६ लिटर शुद्ध ऑक्सिजन भरला तर तो साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे तीनशे पटीने जास्त. पिशवी हलत राहते तसा तो पाण्यात उतरत राहतो. मासे मारतात त्या दोन गोष्टी: अमोनिया आणि उष्णता.

माशांच्या मलमूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. तो किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. सामू ८ असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू खाली येतो आणि त्यामुळे मासे तग धरतात. आता पोहोचल्यावर दुकानदाराने पिशव्या उघडून तशाच तासभर ठेवल्या तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तेवढाच अमोनिया एकदम विषारी होतो. प्रवासात जगलेले मासे उतरल्यावर मरतात, आणि दोष पाठवणाऱ्यावर येतो.

उष्णतेचा हिशोब आणखी सरळ आहे. तापमान १० अंशांनी वाढले की माशाच्या शरीरातील चयापचय साधारण दुप्पट होतो. म्हणजे प्राणवायू दुप्पट लागतो आणि अमोनियाही दुप्पट तयार होतो. २५ अंशांवर ३६ तास टिकणारी पिशवी ३५ अंशांवर १८ तासही टिकेल याची खात्री नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बंद वाहनात किंवा पत्र्याच्या शेडखाली त्याहूनही वर.

म्हणून सेवा निवडताना दर सर्वात शेवटी विचारा. आधी विचारायचे ते असे: तुमच्या दारातून दुकानदाराच्या टाकीपर्यंत एकूण किती तास, आणि त्यातले किती तास उन्हात किंवा शेडमध्ये?

आधी पिशवीची मुदत मोजा

हा प्रयोग फारसे कोणी करत नाही, पण मी प्रत्येकाला करायला सांगतो. ज्या पद्धतीने पार्सल पाठवणार आहात त्याच पद्धतीने चार पिशव्या भरा. मासे तेवढेच, पाणी एक तृतीयांश, ऑक्सिजन दोन तृतीयांश, दुहेरी पिशवी, थर्माकोलचा खोका, टेपने बंद. हा खोका घराच्या पडवीत, पार्सल ऑफिसात मिळेल तितक्याच सावलीत ठेवा. १२, २४, ३६ आणि ४८ तासांनी एकेक पिशवी उघडा, मासे टाकीत सोडा आणि पुढचे तीन दिवस मेलेले मोजा. ज्या पिशवीपर्यंत मरतुक नगण्य राहिली, ती तुमच्या पॅकिंगची मुदत. ती मुदत सेवेच्या सांगितलेल्या वेळेच्या किमान दुप्पट असावी. बस दहा तासांत पोहोचते असे म्हणत असतील तर पिशवी वीस तास टिकली पाहिजे. हा प्रयोग हिवाळ्यात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करावा, कारण दोन्ही आकडे वेगळे येतात.

रात्रीची खासगी बस

शंभर ते पाचशे किलोमीटरच्या पट्ट्यात ट्रॅव्हल्सची रात्रीची बस मला सर्वांत सोयीची वाटते. संध्याकाळी सुटते, पहाटे पोहोचते, गरम तास टळतात. रायपूर, हैदराबाद, इंदूर, छत्रपती संभाजीनगर या सगळ्या दिशांना त्या आहेत. पण बस आणि बसमध्ये फरक असतो. बऱ्याच आरामबसचे इंजिन मागे असते आणि त्याला लागून असलेली डिकी भट्टीसारखी तापते. खोका बाजूच्या, दोन चाकांच्या मधल्या डिकीत ठेवायला सांगा, आणि तो शेवटी चढवायला सांगा म्हणजे त्यावर गोणपाटे किंवा पेट्या येणार नाहीत. उतरतानाही तो आधी निघतो.

बिल्टीवर फक्त बसचा नंबर असून भागत नाही. चालकाचा किंवा क्लीनरचा मोबाइल नंबर घ्या आणि तो दुकानदाराला कळवा. बस शहरात शिरण्याच्या अर्धा तास आधी त्याने फोन करावा. पार्सल ऑफिस सकाळी दहाला उघडत असेल आणि बस पाचला पोहोचत असेल, तर ते पाच तास तुमच्या माशांचेच जातात. असे ऑफिस टाळा किंवा माल थेट थांब्यावरून उचलणारा ग्राहकच निवडा.

मुंबईसाठी समृद्धी महामार्गाने चित्र बदलले आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता नागपूर-शिर्डी टप्प्यापासून डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मात्र तुमची बस त्याच रस्त्याने जाते की जुन्या रस्त्याने गावोगाव थांबत, हे विचारून घ्या.

रेल्वे पार्सल

दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपुरात छेदतात, त्यामुळे रेल्वेने कुठेही माल जाईल असे वाटते. कागदावर ते खरे आहे. पण यातल्या बहुतेक गाड्या नागपुरातून जातात, नागपुरातून सुटत नाहीत. पाच-दहा मिनिटांच्या थांब्यात पार्सलच्या डब्यात जागा असेल तर माल चढतो, नसेल तर फलाटावर राहतो. अनेक गाड्यांतील पार्सलची जागा ठेकेदारांनी भाड्याने घेतलेली असते, तेव्हा फलाटावरच्या सुट्या खोक्याचा नंबर शेवटी लागतो.

उपाय सोपा आहे. नागपुरातूनच सुटणारी गाडी निवडा. मुंबईसाठी सेवाग्राम एक्स्प्रेस आणि दुरांतो इथून सुटतात; विदर्भ एक्स्प्रेस मात्र गोंदियाहून येते. सुटणाऱ्या गाडीत माल निवांत चढतो. उतरायचे स्टेशनही गाडीचे शेवटचे असेल तर उत्तम. मधल्या स्टेशनवर थांबा पाच मिनिटांहून कमी असेल तर तिथे माल पाठवू नये. खोका पुढच्या स्टेशनवर गेला तर परत येईपर्यंत पिशवीची मुदत संपलेली असते. बुकिंगची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यातले तासही मोजावेत. दुपारी दोनला बुक करून रात्रीच्या गाडीने जाणारा खोका पार्सल ऑफिसात सात-आठ तास काढतो.

विमान

महाग, पण आठशे किलोमीटरच्या पुढे आणि मौल्यवान माशांसाठी विचार करण्यासारखे. प्रत्यक्ष उड्डाण दीड-दोन तासांचे असले तरी माल आधी जमा करणे, तपासणी, पोहोचल्यावर सोडवणे धरून अर्धा दिवस जातो. आयएटीएच्या जिवंत प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे खोका गळका नसावा, त्यावर जिवंत मासे असल्याची आणि वरची बाजू दाखवणारी खूण असावी. प्रत्येक विमान कंपनी प्रत्येक मार्गावर जिवंत मासे घेईलच असे नाही, म्हणून कार्गो एजंटकडून लेखी होकार घ्या.

भाडे वजनावर नव्हे, आकारमानावरही लागते. ६० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटरचा खोका घ्या: तिन्हींचा गुणाकार १,०८,०००, त्याला ६००० ने भागले की १८ किलो. खोक्याचे खरे वजन १४ किलो असले तरी पैसे १८ चे पडतात. पिशव्या खोक्यात घट्ट बसतील असा आकार निवडला तर इथेच पैसे वाचतात. आणि पिशवी फुगवून टम्म करू नका. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि ती आणखी फुगते.

कुरिअर

घरपोच कुरिअरचा विचार बहुतेकांच्या मनात आधी येतो. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या निषिद्ध मालाच्या यादीत जिवंत प्राणी असतात. 'मत्स्यालयाचे साहित्य' असे लिहून मासे पाठवणारे आहेत, पण ते करू नये. खोका दोन-तीन गोदामांतून फिरतो, उलटा-पालटा होतो, आणि नुकसान झाले तर खोटी नोंद केल्यामुळे भरपाई मागायला तोंड उरत नाही. शहरातल्या शहरात स्वतःची दुचाकी किंवा ओळखीचा रिक्षावाला पुरे.

स्वस्त भाडे खरेच स्वस्त आहे का?

उदाहरणादाखल ३०० मासे, प्रत्येकी २० रुपये, म्हणजे ६००० रुपयांचा खोका धरा. एका सेवेचे भाडे ४०० रुपये आणि मरतुक १२ टक्के: ३६ मासे, ७२० रुपये. एकूण ११२०. दुसऱ्या सेवेचे भाडे ९०० रुपये आणि मरतुक २ टक्के: ६ मासे, १२० रुपये. एकूण १०२०. दुप्पट भाड्याची सेवा स्वस्त पडली, आणि हिशोबात अजून तो दुकानदार धरलेला नाही जो पुढच्या वेळी पुन्हा कोलकात्याला फोन करतो. प्रत्येक पार्सलमागे तारीख, सेवा, एकूण तास आणि मेलेले मासे वहीत लिहा. दहा पार्सलांनंतर कोणती सेवा ठेवायची हे वहीच सांगेल.

पाठवण्याआधी

लहान मासे २४ तास, गोल्डफिश आणि मोठे मासे ४८ तास उपाशी ठेवावेत. पोट रिकामे असेल तर पाणी घाण होत नाही. हे एक पाळले तरी अर्धे नुकसान टळते. शहराच्या नळाचे पाणी वापरत असाल तर क्लोरीन उडाल्याशिवाय भरू नये. काटेरी परांच्या माशांना तिसरी पिशवी आणि मध्ये वर्तमानपत्राचा थर द्यावा. पिशवीचे कोपरे दुमडून टेप लावा, नाहीतर लहान मासे कोपऱ्यात अडकून मरतात. फायटर मासा हवेतून श्वास घेतो आणि भांडतो, त्यामुळे एका लहान पिशवीत एकच. उन्हाळ्यात बर्फाचे पॅक कागदात गुंडाळून पिशव्यांच्या वर ठेवा, पिशवीला थेट लावू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो; तेव्हा बर्फ नको, खोक्याला आतून कागदाचे जाड अस्तर हवे आणि शक्यतो दिवसाची गाडी. मे महिन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात लांबचे पार्सल घेऊच नये, असे माझे मत आहे.

आशियाई अरोवानासारखे मासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीच्या कक्षेत आले आहेत. कागदाशिवाय असे मासे वाहतुकीला देऊ नयेत.

दुकानदाराशी आधी ठरवायच्या गोष्टी

मेलेल्या माशांची भरपाई कोण देणार हे फोनवर नाही, मेसेजवर ठरवा. रूढ पद्धत अशी चालते: पार्सल हाती आल्यापासून दोन तासांच्या आत, न उघडलेल्या पिशवीचा व्हिडिओ पाठवला तरच पाठवणारा बदली मासे देतो, भाडे ग्राहकाचे. गाडी उशिरा आली, दुकानदाराने उशिरा उचलले, या दोन्हींची जबाबदारी वेगळी लिहा.

उतरवण्याची पद्धतही त्याच मेसेजमध्ये पाठवा. बंद पिशवी टाकीत १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवायची, मग उघडून मासे लगेच जाळीने टाकीत घ्यायचे. पिशवीतले पाणी टाकीत ओतायचे नाही. टाकीचा दिवा बंद, त्या दिवशी खाद्य नाही. पिशवी उघडून चहा प्यायला गेलेल्या दुकानदाराच्या व्हिडिओवर भरपाई देऊ नका.